एकच राहिला

"सर, हात पुढे करा. उजवा नको, डावा. मशीन या बाजूला आहे."

"त्याच्यावर जागा उरलीय का ते आधी बघा," असं म्हणत ताईंच्या यजमानांनी बाही वर सारली.

जागा फारशी उरली नव्हतीच. मनगटापाशी एक गुळगुळीत चौकोन होता, तो सगळ्यात आधी आलेल्या टायवाल्या विक्रेत्याचा. कोपराखालचा वाकडा चौकोन 'बरोबर आहे मॅडम'चा. तो गृहस्थ कुठल्याही प्रश्नाला 'बरोबर आहे मॅडम' याखेरीज दुसरं उत्तरच देत नसे. त्याच्या शेजारी भाजल्याचा तपकिरी डाग होता, आणि ज्या मशीनचा तो डाग होता ते म्हणे सगळ्यात सुरक्षित. ताईंच्या पार्लरसाठी केस काढायचं लेझरचं मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा घरात केसाळ हात एकाच माणसाचे निघाले, त्यामुळे बिचारे निवृत्तीनंतर या नव्या नोकरीवर रुजू झाले होते. येणारा प्रत्येक जण त्यांच्या हातावर आपला वाफा काढून जात होता.

आजचा विक्रेता चक्क टकला होता. याने आपलं मशीन आधी स्वतःवरच चालवून बघितलं असावं, असं जावेने ताईंच्या कानात सांगितलं. ताई हसल्या नाहीत.

टक्. टक्. केस जळल्याचा वास आला.

"दुखलं का?" टकल्याने विचारलं.

"ताणलेलं रबर सुटून बसावं तसं," यजमान म्हणाले. प्रत्येकाला ते हेच सांगत.

मग ताईंनी प्रश्न सुरू केले. हे थंड टोक थंड राहतं किती वेळ? कातडी सावळी असली तर? चेहऱ्यावर डाग पडला तर कोण निस्तरणार? बिघडलं तर माणूस कधी येणार, की फोनवरच बोळवण करणार? टकला घाम पुसत उत्तरं देत राहिला. सगळं ऐकून घेऊन ताई म्हणाल्या, "बरं. कळवते."

दाराआड टकला गेला आणि जावेने हातातली कात्री टेबलावर आपटली. ही ताईंची धाकटी जाऊ, आणि पार्लरमधली भागीदार.

"कळवते! कोणाला कळवणार तुम्ही, आणि कधी? ताई, आपण मशीन घेतोय की मशीनशी सोयरीक करतोय?"

"घाईघाईने घ्यायचं आणि मग कपाळाला हात लावून बसायचं का? यांच्या हातावरचा डाग बघ."

"भाऊजींना आवडायला लागलाय तो डाग! विचारा त्यांना."

"माझं काही म्हणणं नाही," भाऊजी बाही खाली करत म्हणाले आणि शहाण्यासारखे वर घरी निघून गेले.

"पलीकडच्या गल्लीत ती कालची पोरगी," जाऊ सुरूच होती, "आपल्याकडे दोरा धरायला शिकली. तिने दुकान थाटलं, लेझरची पाटीसुद्धा लावली. कानामागून आली आणि तिखट झाली! आणि आपण इथे कळवतोय. आपलं मशीन येईपर्यंत आपल्या गिऱ्हाइकांचे केस पिकतील, ताई. मग काय करायचं त्या मशीनचं? त्याने पांढरा केस जात नाही, हे तुम्हीच सगळ्यांना सांगता ना?"

"मला शिकवू नकोस," ताई तुटकपणे म्हणाल्या.

जावेचं काही चुकत नव्हतं, हे त्यांना कळत होतं. पण खरं कारण सांगणार कोणत्या तोंडाने?

ताईंना हनुवटीवर केस यायचे, राठ आणि काळे. शाळेत असताना वर्गातली एक मुलगी त्यांना 'हवालदार' म्हणाली, सगळा वर्ग हसला, आणि वर्ष संपेपर्यंत ते नाव चिकटून राहिलं. खरं म्हणजे ताई हे काम शिकायला गेल्या त्या स्वतःच्या हनुवटीसाठीच. शिकल्या, हात बसला, गिऱ्हाइकं आली, पार्लर झालं. आणि आपली हनुवटी मात्र जन्मात कोणाला दाखवली नाही. सौंदर्याचं दुकान चालवणाऱ्या बाईला दाढी येते, हे कोणाला सांगायचं? रोज सकाळी घर जागं व्हायच्या आधी न्हाणीघरात कडी लावून चिमट्याने उपटायचे, आणि मगच दिवस सुरू करायचा. तिथला दिवा पिवळा, मिणमिणता. चष्मा लावावा तर त्यावर वाफ धरते. म्हणून गेली कित्येक वर्षं सगळा कारभार बोटांवर चालला होता. बोट फिरवायचं, टोचलं की चिमटा लावायचा. एकदा यजमानांनी हौसेने तिथे लख्ख दिवा आणून लावला, तर ताईंनी भांडून पुन्हा जुनाच लावायला लावला.

मशीन गिऱ्हाइकांसाठी हवं होतं, हे खरंच. पण त्याआधी ते ताईंना स्वतःसाठी हवं होतं. एक तरी सकाळ चिमट्याशिवाय उजाडावी, एवढीच इच्छा होती. आधी मुलीचं शिक्षण झालं, मग पार्लरचं गळकं छत झालं, मग 'पुढच्या वर्षी याहून चांगलं मॉडेल येतंय' हे दरवर्षी ऐकणं झालं. जिथे स्वतःची हनुवटी द्यायची, तिथे असंतसं मशीन चालणार नव्हतं. आणि पारख करायला हनुवटी पुढे करावी, तर मेले विक्रेते सगळे पुरुष! म्हणून दरवेळी यजमानांचा हात आणि दरवेळी 'कळवते'.

टकल्याने मात्र पिच्छा सोडला नाही. "मॅडम, आमच्या प्रशिक्षण देणाऱ्या बाई आहेत. त्या मशीन घेऊन येतील, दिवसभर थांबतील. तुम्ही स्वतः अनुभव घ्या," असं त्याने फोनवर सांगितलं, आणि 'बाई' हा शब्द ऐकून ताई पटकन "चालेल, पाठवा" म्हणून गेल्या. जावेने कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं.

पुढचे काही आठवडे मात्र त्यांची परीक्षाच होती. लेझरला केसाचं मूळ जागेवर लागतं, त्यामुळे उपटणं बंद. वस्तरा तेवढा चालतो. म्हणजे आता खरोखरच दाढी करायची! ताई अंधारात यजमानांचा वस्तरा फिरवायच्या आणि दिवसभर तोंडाला मास्क लावून बसायच्या. विचारलं तर घसा धरलाय. मग जो तो वैद्य झाला. जाऊ गुळण्या करायला लावायची, गिऱ्हाइकं मध सुचवायची, मुलगी फोनवरून डॉक्टरकडे जा म्हणून ओरडायची. आणि यजमान रोज सकाळी आरशासमोर तक्रार करायचे, "हल्लीच्या पात्यांना धारच नसते बघ." ताई मास्कच्या आत दात आवळून गप्प बसायच्या. शेवटच्या दोन दिवसांत तर वस्तराही बंद. केस जरा दिसायला हवेत, असा त्या बाईंचा निरोप होता.

बाई आल्या. चष्मा कपाळावर, आवाज खणखणीत. ताईंनी यजमानांना घरीच थांबायला सांगितलं, जावेला बाहेर गिऱ्हाइकांपाशी बसवलं, पडदा ओढला, आणि आडवं होऊन मास्क काढला. आयुष्यात पहिल्यांदाच ताई परक्या माणसाला हनुवटी दाखवत होत्या.

बाईंनी भिंगाचा दिवा खाली ओढला. जरा वेळ पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"ताई, इतकी वर्षं चिमट्याने उपटलेत, पण यातले काळे कुठे आहेत?"

"म्हणजे?"

"उठून बसा. चष्मा लावा तुमचा."

ताईंनी चष्मा लावला आणि दिव्याखाली आरसा धरला. हनुवटीवर केस होते, चांगले राठ होते, आणि झाडून सगळे पांढरे होते. कडेला एखाद-दुसरा करडा, तोसुद्धा नावाला.

"तुम्हाला माहीतच आहे, मशीन काळा रंग शोधतं. हे त्याला दिसणारच नाहीत," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "तीन-चार वर्षांपूर्वी केलं असतं तर..." त्यांनी दिवा बाजूला सारला.

ताईंना आधी रागच आला. मिणमिणत्या दिव्याचा आला, वाफ धरणाऱ्या चष्म्याचा आला, टायवाल्याचा, 'बरोबर आहे मॅडम'चा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या 'कळवते'चा. दुनियेला दिसतील म्हणून जन्मभर लपवलेले हे केस, आणि त्यांच्यासाठी आणलेल्या एवढ्या मोठ्या मशीनला ते दिसत नव्हते! रागामागून डोळे भरून आले. ते त्यांनी मास्कनेच पुसले.

"मशीन चांगलं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "उगाच चालवून दाखवलं नाहीत. हेच घेऊ. माझ्या जावेला शिकवा आता. यांचा उजवा हात अजून कोरा आहे, बोलावते मी."

दिवसभर जाऊ शिकली. यजमानांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत स्वच्छ झाला आणि ते दोन्ही हात शेजारी धरून हे एकाच माणसाचे वाटत नाहीत म्हणत हसत राहिले. संध्याकाळी बाई निघून गेल्या, यजमान वर गेले. जावेने दाराची पाटी 'बंद'कडे उलटी केली आणि ताईंसमोर येऊन उभी राहिली. पडदा कापडाचा होता आणि बाईंचा आवाज खणखणीत, त्यामुळे सांगायचं काही उरलं नव्हतं.

"चिमट्याने?" जाऊ म्हणाली.

ताई मास्कची घडी घालत राहिल्या.

"इतकी वर्षं चिमट्याने? गिऱ्हाइकांना बजावता, केस आत वळतो, घरी चिमट्याचे उद्योग करू नका म्हणून! आणि स्वतः? मी काय मेले होते का इथे?" जावेचा आवाज एकदम फाटला. "बसा."

"अगं, राहू दे."

"बसा म्हणते ना!"

ताई गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी ती असंख्य वेळा पुसली होती, बसल्या कधीच नव्हत्या. पाठ टेकते तिथे स्प्रिंग टोचतेय हे आज कळलं, आणि कोणी बोललं कसं नाही, याची चीड आली.

जावेने रिळातून दोरा काढला, एक टोक दातांत धरलं, बोटांना वेढे दिले. दिवा जवळ ओढला.

"मान वर. कातडी ताणून धरा."

ताईंनी दोन बोटांनी हनुवटीची कातडी ताणून धरली. दोरा कर्र कर्र चालू लागला. डोळ्यांत पाणी जमलं, कानांपर्यंत ओघळलं. थांब म्हणावंसं वाटलं, पण म्हणाल्या नाहीत.

"झालं हं ताई," जाऊ दातांत दोरा धरूनच म्हणाली. "झालंच. एकच राहिला."

हे धादांत खोटं होतं. अजून अर्धी हनुवटी बाकी होती. रडवेल्या गिऱ्हाइकाला असं म्हणायचं असतं, हे पहिल्याच आठवड्यात ताईंनीच तिला शिकवलं होतं.

"हं," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी मान आणखी थोडी वर केली.