मूळपुरुषाची चाल

दशावतारात लिहिलेली वाक्यं नसतात. नट रंगमंचावर उभा राहतो आणि पदरचं बोलतो, म्हणून आवाज गेलेला दशावतारी म्हणजे पाणी आटलेली विहीर. देवबागेच्या परशुरामाने उभा जन्म राक्षस वठवले, मग घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. नाटक कंपनीचे मालक भाई घरी येऊन शहाळी ठेवून गेले. जाताना म्हणाले, "बरो हो आधी, मगे बघू." आमच्याकडे 'मगे बघू'चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो.

परशुरामाची मुलगी अनुजा खाडीकाठच्या एका होमस्टेमध्ये कामाला होती आणि उरलेला सगळा वेळ पिशाचांत असायची. मोबाइलवर 'पिशाच कट्टा' नावाचं एक पान होतं. कुठल्या कादंबरीवर मालिका येतेय, कुठल्या नटाने सुळे बसवून घेतले, कुठल्या लेखिकेने नायकाला मारून वाचकांच्या शिव्या खाल्ल्या, हे सगळं तिला तोंडपाठ. घरातले तांदूळ संपले तरी पत्ता नसे. आई, नर्मदा, म्हणायची, "रगात पिणारी भुतां बघून पोट भरता काय गो तुजा?"

त्याच कट्ट्यावर एके दिवशी बातमी आली. 'अमावास्येचे वारस' या गाजलेल्या कादंबऱ्यांवरच्या मालिकेचं चित्रीकरण देवबागेच्या खाडीत होणार होतं. पिशाचांच्या मूळपुरुषाच्या कामासाठी त्यांना इथलाच कोणी वयस्कर नट हवा होता, आणि हा मूळपुरुष सबंध गोष्टीत एक शब्द बोलत नाही.

अनुजा धावत घरी आली. "बाबा, ते तुमकाच शोधतत."

परशुरामाने सगळं ऐकून घेतलं. पिशाच आरशात दिसत नाही, हे ऐकून त्याला हसू आलं. "मगे तो रंग कसो लावता?" त्याने कुजबुजत विचारलं. दशावतारी नट आपला चेहरा आपणच रंगवतो, त्याला दुसरं काय सुचणार?

निवडीच्या दिवशी तो फक्त चालला. आधी अंगठा टेकवायचा, जमीन चाचपायची, मग पाऊल सोडायचं, टाच मात्र टेकवायची नाही. ओहोटीच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, शोधताना तो लहानपणापासून तसाच चालायचा, पायाला शिंपला लागेपर्यंत. दिग्दर्शक खुर्चीतून उठून उभा राहिला.

बातमी भाईंपर्यंत गेली. ते पुन्हा आले, या वेळी शहाळ्यांशिवाय. "परश्या, लोकांका पसंत पडलंस तर आमच्याकडे वेताळ कर. मुको वेताळ. तुज्यासाठी नवीन नाटक बसवतंय." त्या रात्री परशुराम पोटभर जेवला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, आणि नर्मदेने ते कोणाला न सांगता मनात ठेवलं.

चित्रीकरणाला तो आपली रंगांची पेटी घेऊन गेला. ती त्यांनी बाजूला ठेवायला सांगितली. चेहऱ्यावर नुसते काळे ठिपके दिले आणि चालायला लावलं. घरी आल्यावर अनुजाने विचारलं, "नुसते ठिपकेच? रंग नाय?"

"आधी ठिपके, मगे रंग," तो म्हणाला. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. तोही आधी बोटाने रंगाचे ठिपके द्यायचा आणि मग ते चेहराभर पसरवायचा. हे लोक पुढचा रंग कॉम्प्युटरवर लावत असतील, असं त्याने धरलं. अनुजालाही ते पटलं. इतकी वर्षं ती कट्टा वाचत होती, पण बापावरच्या विश्वासापुढे तिची अक्कल चालली नाही.

मालिका आली त्या रविवारी दुपारी होमस्टेच्या जेवणघरात शेजारीपाजारी जमले. भाईही आले. परशुरामाने इस्त्रीचा सदरा घातला होता. पडद्यावर खाडी दिसली, धुकं दिसलं आणि धुक्यातून मूळपुरुष चालत आला. आधी अंगठा, मग पाऊल. "इलो, परश्या इलो," शेजारचा बाबली ओरडला. मग कॅमेरा वर गेला.

चेहरा मालिकेच्या हिरोचा होता. परशुरामाच्या ठिपक्यांवर कॉम्प्युटरने बसवलेला, सुरकुत्या घातलेला, केस पिकवलेला, पण त्या हिरोचाच. हिरो हाच मूळपुरुष, शेकडो वर्षं जगलेला, असा कादंबरीत नसलेला धक्का मालिकेने दिला होता.

"पण परश्या खंय आसा?" बाबलीने विचारलं. पुढे येईल म्हणून सगळे शेवटपर्यंत बसले. तो आला नाही. शेवटी नावांची भली मोठी रांग वर सरकली, तिच्यातही नव्हता.

परशुराम उठला. "आरशात दिसणा नाय म्हणालंस ना गो," तो अनुजाला म्हणाला. "तसाच झाला." अनुजाला त्याच्याकडे बघवेना. हे आपण त्याला आणून दिलं, हे तिच्या मनातून जाईना.

कट्ट्यावर आठवडाभर त्या चालीचीच चर्चा. हिरोची मुलाखत आली. सहा महिने जंगलात बिबट्या पाहिला आणि ही चाल सापडली, असं तो म्हणाला होता. खाली हजारो लोक त्या चालीवर फिदा झाले होते. अनुजाने लिहिलं, 'ही चाल माझ्या वडिलांची आहे. देवबागेत या, दाखवते.' उत्तरं लगेच आली. कोणी लिहिलं, 'माझे पप्पापण पिशाच आहेत.' कोणी लिहिलं, 'प्रसिद्धीसाठी बापालाही विकतील.' सेटवर मोबाइल काढून घेत असत, त्यामुळे दाखवायला एक फोटोही नव्हता.

भाई मात्र शब्दाला जागले. पर्यटन महोत्सवात, किनाऱ्यावरच्या मांडवात, संध्याकाळी त्यांनी मुका वेताळ ठेवला. परशुरामाने स्वतःच्या हाताने चेहरा रंगवला. आधी ठिपके, मग रंग. आरशात बराच वेळ बघत राहिला.

तो रंगमंचावर आला आणि चालू लागला. आधी अंगठा, मग पाऊल. आधी लोक सरसावून बसले. मग मागून एक पर्यटक पोरगा ओरडला, "अरे, हा तर मूळपुरुषाची कॉपी मारतोय!" हशा उठला. मोबाइल वर झाले. पुढच्या रांगेतली गावातली माणसंही हसली, ज्यांनी ती चाल खाडीत जन्मभर पाहिली होती तीसुद्धा. परशुराम अर्ध्या पावलावर थांबला. मग टाच टेकवून, साध्या माणसासारखा चालत आत गेला.

भाई आत आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण कंपनी चालवायची होती. "माका ठावक आसा रे, तुजीच ती," ते म्हणाले. "पण लोकांका नक्कल वाटता. नक्कल करणारो वेताळ कसो चलतलो?"

परशुरामाने मान हलवली आणि रंग पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तो टोपली घेऊन खाडीत उतरला. अनुजा होमस्टेच्या पडवीतून बघत होती. बायका चिखलात वाकून भराभर तिसऱ्या काढत होत्या. तो त्यांच्यातून चालत होता, टाच आधी टाकून, जड, एकेक पाऊल उपसत. काठावर पाहुण्यांची एक होडी लागली तेव्हा तर तो उभाच राहिला, ती जाईपर्यंत.

भरती लागली तशा बायका भरलेल्या टोपल्या घेऊन वर आल्या. परशुराम मागून आला. काठावर उभ्या नर्मदेने त्याच्या हातातली टोपली घेतली आणि आत पाहिलं. आत नुसता चिखल होता.

"पायाक लागाकच नाय," तो म्हणाला.