काकीसाहेब आणि खडखडाट

आमच्या ह्यांना गाण्याची आवड आहे, असं लग्न ठरवताना सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. फक्त ह्यांच्या गाण्यात गाणं नसतं. जपानहून, जर्मनीहून पार्सलं येतात, त्यातून काळ्या चकचकीत तबकड्या निघतात, आणि तबकडी लावली की कुणीतरी पत्र्याची रिकामी कोठी जिन्यावरून वर ओढायला लागतं. वर काही पोचत नाही. तेवढ्यात बाजू संपते. एका तबकडीत नुसता बिघडलेला रेडिओ आहे. हे अभिमानानं सांगतात की तो मुद्दाम बिघडवलाय. आणखी एकीत एक बाई सारखी किंचाळते. तिला मी नावं ठेवत नाही, तिला तिचं कारण असेल.

आम्ही देवासला टेकडीखाली राहतो. खालच्या मजल्यावरची इंदू सुरुवातीला फोन करून विचारायची, भाभी, मिक्सर जल गया क्या. मग मिक्सर रोज रोज जळत नाही हे तिच्याच लक्षात आलं.

मी मात्र बसून ऐकते. ह्या माणसाला शांततेत शब्द सुचत नाही. कारखान्यातून येतात ते तोंड शिवल्यासारखे. पण कोठी जिन्यावर चढायला लागली की माझ्या शेजारी दिवाणावर बसून बोलायला लागतात. साहेबाबद्दल, गुडघ्याबद्दल, धारच्या लहानपणाबद्दल. एकदा तर मी आधी गेले तर ह्यांचं कसं होईल, हेही निघालं. मी ओरडूनच सांगितलं की शेव कमी करा, नाहीतर तुमचाच नंबर आधी आहे. मग दोघं हसलो. मांडीवरचे वाटाणे सोलून झाले. आमचा संसार बराचसा त्या खडखडाटात झाला आहे.

मागच्या वर्षी धारचे काकासाहेब गेले आणि कुसुमावती काकीसाहेब आमच्याकडे राहायला आल्या. ह्यांना त्यांनीच वाढवलेलं, त्यामुळे प्रश्नच नव्हता. त्यांच्याबरोबर त्यांच्या घरची रीतही आली. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही. निरोप द्यायचा, आणि निरोप न्यायला कुणी नसेल तर भिंतीला सांगायचं. आमच्या घरात हॉलमध्ये सगळं ऐकू जातं आणि काकीसाहेब हॉलमध्येच बसतात. मी फ्रिजला सांगायला लागले की आमटी खारट झालीये, सांभाळून घ्या म्हणावं. हे फ्रिजकडे बघून म्हणायचे, चालेल. केस पांढरे झाले आणि आमच्या मध्ये फ्रिज आला.

आल्या त्या दिवशी संध्याकाळी ह्यांनी नेहमीसारखी तबकडी लावली. काकीसाहेबांनी मांडीवर हात ठेवून पूर्ण बाजू ऐकली. मग एवढंच म्हणाल्या, "घरात देव आहेत, मयुरेश."

दुसऱ्या दिवशी हे इंदौरला जाऊन हेडफोन घेऊन आले.

आता घर शांत झालं. हे दिवाणावर डोळे मिटून बसायचे, कानांवर दोन काळ्या वाट्या. मध्येच मान डोलवायचे, मध्येच हसायचे, आणि मला शेजारी बसून नुसती डासाएवढी चिरचिर ऐकू यायची. माणूस घरात होता, पण घरातला नव्हता. मला त्या कोठीची आठवण यायला लागली. पण हे सांगणार कुणाला? माहेरी फोन करून सांगू, की घरातला खडखडाट बंद झाल्यापासून मला करमत नाही?

अशात माझ्या डोळ्याला धूसर दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू आहे, काढून टाकू, आजकाल ते काहीच नसतं. त्यांना नसेल. मी घरी येऊन फ्रिजला सांगितलं. फ्रिजनं ऐकून घेतलं. ज्यांच्यासाठी सांगत होते ते वाट्या लावून डोलत होते.

मी गेले आणि हेडफोनची पिन उपटली.

सगळं घर कोठीनं भरलं. देव्हाऱ्यातली घंटी आपोआप किणकिणली. हे दचकून आवाज कमी करायला उठले, तर मी मनगट धरून त्यांना खाली बसवलं, कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "डोळ्याचं ऑपरेशन आहे. मला भीती वाटते."

हे म्हणाले की रजा घेतो, आणि डोळ्यावर पट्टी असेल तोवर रोज तुला वाचून दाखवतो. ह्यांची शाळा हिंदीतली, त्यामुळे मराठी वाचायला लागले की एकेक अक्षर हाताला धरून रस्ता ओलांडून देतात. मी म्हटलं, वाचू नका, नुसते बसा.

मान वर केली तर काकीसाहेब दारात. आम्ही डोक्याला डोकं लावून बसलेले, समोर फ्रिज नाही, भिंत नाही. आता देवांवरून सुरू होणार असं मला वाटलं. पण त्या वळून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या काकासाहेबांचा फोटो पदराखाली धरून बाहेर आल्या. तो दिवाणावर उशीला टेकवून ठेवला आणि शेजारी बसल्या. माझ्याकडे न बघता सांगू लागल्या की त्यांच्या सासूबाई नव्वदीच्या पुढे जगल्या, आणि कायम बाहेरच्या खोलीत बसून असायच्या. त्या गेल्या तेव्हा काकासाहेबांना ऐकू यायचं थांबलं होतं.

"ते कालचं लावा," काकीसाहेब म्हणाल्या. "मोठ्यानं. आणि तुम्ही दोघं आत जा, सूनबाई. मला ह्यांच्याशी जरा बोलायचंय."

ह्यांनी तबकडी लावली. आम्ही स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिलो. त्यांचं बोलणं काही ऐकू येत नव्हतं, दारातून दिसत तेवढं होतं. कोठी जिना चढत होती आणि काकीसाहेब बोलत होत्या. आधी पदराचं टोक चाळवत, मग फोटोकडे वळून, मग चक्क बोट नाचवत. मध्ये एकदा हसल्या, तेव्हा मी नजर वळवली. हे माझा हात धरून उभे होते. माझ्या कानात म्हणाले की ही तबकडी इथूनच जास्त चांगली ऐकू येते.

बाजू संपली. काकीसाहेब वाक्याच्या मध्येच थांबल्या आणि मागे न वळता म्हणाल्या,

"मयुरेश, उलटा ती. अजून त्यांच्या बहिणीपर्यंत आलेच नाहीये मी."