चरात गेलेला टेम्पो

वीस मार्चला चवदार तळ्यावर जायचं म्हणून पोलादपूरजवळच्या बौद्धवाडीने दरवर्षीसारखा महाडच्या मुरादचा टेम्पो सांगितला होता. वाडीतली झाडून सगळी माणसं पांढरे कपडे घालून त्यात चढली. राजश्री कचेरीत कारकून. रजा टाकून सासूबाईंना घेऊन निघाली होती. जानकीबाईंचे गुडघे थकले होते, पण तळ्यावर जायचं एकही वर्ष त्यांनी चुकवलं नव्हतं.

वाडीच्या अरुंद रस्त्यावर समोरून खडीचा डंपर आला. मुरादने टेम्पो कडेला घेतला आणि मागचं चाक भसकन चरात गेलं. डंपर तसाच पुढे निघून गेला.

"उतरा सगळे," मुराद म्हणाला. "एवढी माणसं आहात, हा हा म्हणता निघेल."

जानकीबाईंना आंब्याच्या सावलीत बसवलं. बाकीची माणसं टेम्पोला मागून भिडली. ज्याला पत्र्याला हात लावायला जागा मिळाली नाही, त्याने पुढच्याच्या पाठीला लावला. राजश्रीचा नवरा धम्मपाल बाजूला उभा राहून आरोळी देऊ लागला, "लावा जोर!"

"हैय्या!"

टेम्पो डुलला आणि पुन्हा खाली बसला.

पहिल्या आरोळ्यांना राजश्रीने मनापासून रेटा दिला. मग तिला वाटलं, आपण ढकललं काय नि नाही काय, एवढ्या गर्दीत कुणाला कळणार? हात पत्र्यावर तसेच ठेवून ती नुसतीच ओरडू लागली. सहज शेजारी पाहिलं तर वाडीतल्याच पूजाचेही हात सैल होते. दोघींची नजरानजर झाली आणि दोघींनी मान वळवली.

"राजश्री, गो, पाणी आण जरा," जानकीबाईंनी हाक मारली.

ती बाटली घेऊन गेली. म्हातारीने पाण्याला हातही लावला नाही. हळूच म्हणाली, "नुसते हात टेकवून उभी हायस. मला हितून दिसतंय."

राजश्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, सगळेच तसं करतायत."

"सगळी माझ्या सुना नाय."

ती परत आली तोवर गर्दी पांगली होती. कुणी जेसीबीसाठी फोन लावत होतं, कुणी सावली गाठली होती. टेम्पोमागे भिकू, चांगू, पूजा आणि दोघंतिघं तेवढी उरली होती. भिकूने चाकाखाली दगड सारले. रुतलेल्या चाकाच्या बाजूचा कोपरा रिकामा होता. राजश्रीने पदर खोचला आणि तिथे खांदा लावला.

"थोडीच आहात, होईल का?" मुरादने खिडकीतून विचारलं.

"तुम्ही गाडी चालू करा, मुरादभाई."

या खेपेला आरोळी कुणी दिली नाही. टेम्पोचं वजन थेट तिच्या खांद्यावर आलं. आपण सोडलं तर हा कोपरा खाली जाणार, हे तिला स्पष्ट कळत होतं. पलीकडे पूजाच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. राजश्रीची चप्पल निसटली, तळव्याला खडी टोचली, पण तिने रेटा सोडला नाही. इंजिन घुरघुरलं, चाक दगडावर चढलं आणि टेम्पो हिसका देऊन रस्त्यावर आला. राजश्री गुडघ्यांवर आणि तळहातांवर पडली. पूजाने हसत हसत तिला हात देऊन उठवलं.

सावलीतली मंडळी टाळ्या वाजवत धावली. महाड येईपर्यंत टेम्पोत एकच विषय होता: आपण सगळ्यांनी कसा टेम्पो काढला. राजश्रीने कुणाचं म्हणणं खोडून काढलं नाही. पहिल्या गर्दीत तीही होतीच की.

जानकीबाईंनी मात्र तिचा लाल झालेला तळहात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि पदराने पुसू लागल्या. तेवढ्यात धम्मपाल पुढून म्हणाला, "आये, ओरडून ओरडून माझा घसा बसलाय."

"बसू दे," जानकीबाई म्हणाल्या. "तेवढीच गाडी हलकी होईल."

सगळा टेम्पो हसला. राजश्रीही हसली आणि दमलेलं डोकं तिने सासूच्या खांद्यावर टेकलं.