खिडकीला लावलेली ढकलकाठी

मी ढकलकाठी बोलतेय. हसू नका. करवतीच्या मशीनचं पातं फिरत असताना काडेपेटीएवढा लाकडाचा तुकडा बोटांनी पुढे सारायचा नसतो, माझ्या टोकानं सारायचा असतो. चुकून पातं लागलंच तर माझं नाक जातं, माणसाचं बोट वाचतं. एवढंच माझं काम. तेही मला नीट करू दिलं नाही.

मला ठमीनं केलं. प्लायवूडच्या उरलेल्या पट्टीला खाच पाडली आणि मूठ पॉलिशपेपरनं घासून गुळगुळीत केली. तिला बुद्धिबळाची प्यादी करायची होती, म्हणजे तुकडे सगळे बारके. मशीन तिच्या वडिलांचं, निवृत्तीनंतर मागच्या खोलीत बसवलेलं.

"बाबा, तुम्हीपण वापरा ना ही."

"काठी म्हाताऱ्यांना लागते. हाताला लाकूड कळतं, ठमे. तुझ्या काठीला काय कळतं?"

आणि त्यांनी मला खिडकीला लावलं. कडी तुटली होती, झडप आपटायची. नवी कडी बसवायचा यांना कंटाळा, आणि पोरीनं शिकवलेलं मानायला जिवावर येतं. एका दगडात दोन पक्षी.

ठमी दर वेळी मला काढायची, झडप धाडकन आपटायची, वडील आतून ओरडायचे. "मोड एकदाची ती खिडकी!" काम झालं की ती मला परत लावायची.

एका दुपारी तिचे मामा आले. वडिलांना चेव चढला.

"बघा आमची पोरगी. ठमे, काप गं एक प्यादं."

ती खिडकीकडे वळली.

"आता पाहुण्यांसमोर खिडकी आदळणार? दोन सेकंदांचं काम. माझ्या हाताखाली शिकलीस ना?"

मामा म्हणाले, "राहू द्या हो, घाबरतेय ती."

घाबरतेय म्हटल्यावर ती पुन्हा खिडकीकडे वळलीच नाही. तुकडा बोटांनी पुढे सरकवला. पात्यानं तो उडवला, आणि तुकड्यामागून हात आत गेला.

मी चार पावलांवर होते. झडप धरून. वाऱ्याचा एक झोत आला असता तर पडले असते, आवाजानं तरी ती थांबली असती. पण त्या दिवशी मी माझं काम अगदी चोख केलं. त्याचीच लाज वाटते.

उजव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापर्यंत गेली. प्यादी सहाच झाली होती.

आता वडील माझ्याशिवाय मशीन सुरू करत नाहीत. हातभर लांब फळीलाही मीच. आल्यागेल्याला मला दाखवतात, "ही नसेल तर मी हात लावत नाही." लोक माना डोलावतात. मग कुणीतरी ठमीचं विचारतं.

"तिचं लक्ष नव्हतं हो. हल्लीची पोरं."

मागच्या आठवड्यात हे बोलत असताना ठमी दारात उभी होती. चहा घेऊन आली होती, डाव्या हातानं. कप उंबऱ्यावर ठेवला आणि गेली. वडिलांनी पाहिलं. माझी मूठ घट्ट धरली आणि पुढची फळी पात्याकडे सारली.

बाबा, मला भिंतीवर मानानं टांगू नका. तेल लावू नका. पातं बंद करा, मला खाली ठेवा आणि तिच्या खोलीपर्यंत चालत जा. बारा पावलं आहेत. तिला सांगा, लक्ष तिचं होतं. खिडकीकडे वळली होती ती. तुम्ही अडवलंत.