अंगचोर

धावण्याचे मास्तर म्हणून अख्खं मैदान ज्यांना ओळखत होतं, त्यांनी आयुष्यभर स्नायूंत तयार होणाऱ्या लॅक्टेटला शिव्या घातल्या होत्या. पाय जळजळायला लागले की ते पोरांना सांगत, हे विष आहे, सोसा आणि पळा. आज तपासणीच्या खोलीत हातावर हात धरून बसलेल्या मास्तरांना एकच हवं होतं: लेकीच्या रक्तात ते विष वाढलेलं सापडावं.

लेक समोर बसून रबरी चेंडू जीव खाऊन आवळत होती. नर्स मधूनमधून तिच्या त्याच हातातून रक्त काढत होती. लॅक्टेट वाढलं की पोर ठणठणीत, असं मास्तरांना सांगितलं होतं.

मागच्या आठवड्यात ती सरावात मध्येच थांबली. तिचं थांबणं नेहमीचंच. मास्तरांनी तिला सगळ्यांदेखत अंगचोर म्हटलं आणि जास्तीची फेरी मारायला लावली. स्वतःच्या मुलीला सूट देतात असं कोणी म्हणायला नको ना! संध्याकाळी तिची लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तेव्हा मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

डॉक्टरीणबाई आल्या. लॅक्टेट तसूभरही वाढलं नव्हतं. बाईंनी समजावलं, की ते विष नव्हेच. जोर लावताना स्नायू आतली साठवलेली साखर फोडून लॅक्टेट बनवतात आणि दुसरे स्नायू, अगदी हृदयसुद्धा, तेच जाळून काम करतात. हिच्या स्नायूंना साठ्यातली साखर फोडताच येत नाही. कोठार भरलेलं, पण किल्ली नाही. जन्मापासूनच. म्हणून जास्त जोर लावला की स्नायूच तुटून लघवीत उतरतात.

"औषध?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. हळूहळू चालू द्या. दमली की थांबू द्या. जोरात पळणं बंद."

खोली तळघरात होती आणि लिफ्ट बंद. अर्ध्या जिन्यात लेक कठड्याला धरून थांबली. सवयीने मास्तरांच्या तोंडाशी 'चल' आलं, ते त्यांनी गिळलं. तिच्या पाठीवर हात ठेवायचाही त्यांना धीर होईना.

"बाबा, मी अंगचोर नव्हते, हे सगळ्यांना सांगाल?"

"सांगतो."

ती पायरीवर बसली. बराच वेळ पाय चोळत राहिली.

"आणि उद्यापासून मी मैदानावर येऊन करू काय?"

सरावात कुणालाही बसू न देणारे मास्तर तिच्याशेजारी पायरीवर बसले.