ज्या ठोकळ्यातून विहीर बोलली

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. हसू नका, मित्रांनो! वऱ्हाडातल्या एका विद्यापीठाच्या नाट्यविभागात मी सिंहासन झालो, बैलगाडी झालो, एकदा तर चक्क राजाची चिता झालो! भातकुलीच्या नत्थुजी सुतारांनी मला आंब्याच्या फळ्यांतून घडवलं. आतून पोकळ, एक बाजू उघडी. अभिनय शिकणारी मुलं आधी मला हात लावून नमस्कार करत आणि मगच माझ्यावर चढत. केवढी ऐट होती माझी!

मग चंदा आली. बार्शीटाकळीच्या पुंजारामांची मुलगी. बाकीचे दहाला डोळे चोळत येत, ही सातलाच माझ्यावर उभी राहून संवाद घोकायची. दुसऱ्या वर्षाच्या नाटकात तिला नायिकेचं काम मिळालं, तेव्हा तिने माझ्यावर अशी उडी मारली की माझा एक खिळाच निघाला! वडिलांनी बजावलं होतं, "तुह्यं नाटक पायतो. पटलं तं पुढचं वर्ष शिक. नाई तं घरी चाल."

प्रयोगाला आठ दिवस उरले आणि नाटक बसवणारे सर म्हणाले, "आवाज खणखणीत आहे गं तुझा, पण चेहरा उठून दिसत नाही. नायिका स्वराली करेल. तू विहिरीचा आवाज दे."

विहीर म्हणजे मी. चंदाने माझ्या पोटात बसून बोलायचं.

"म्हणजे मी दिसणारच नाही, सर? बाबा येणार आहेत."

"अगं, शेवटी सगळ्यांना स्टेजवर बोलावून नावं घेतोच ना आपण!"

त्या भरवशावर तिने घरी काहीच कळवलं नाही. इथेच चुकलं तिचं.

प्रयोगाला पुंजाराम तिसऱ्या रांगेत बसले. पाऊण तास मान उंच करकरून मुलीला शोधत राहिले. तेवढ्यात विहीर बोलली.

"अरे, हे तं आपली चंदी बोलून रायली! कुठी हाय ते?"

सगळं सभागृह खो-खो हसलं. "काका, गप बसा!" कोणीतरी दटावलं. आत चंदा रडत होती, पण एक शब्द चुकली नाही. विहिरीला टाळ्यासुद्धा पडल्या!

मग पाहुण्यांचं शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं लांबलचक भाषण, पाहुण्यांसोबत फोटो. नावं घ्यायची राहूनच गेली.

पुंजाराम रंगमंचामागे आले. "कुठी होतीस वं?"

"ह्या खोक्यात, बाबा."

त्यांनी वाकून माझ्या आत पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. "खोक्यात बसाले दोन वर्षं शिका लागते? चाल, सामान बांध."

सर दोन पावलांवर होते. स्वरालीसोबत फोटो काढत होते.

जाण्याआधी चंदाने माझ्या आत खिळ्याने आपलं नाव कोरलं. आता मी विभागामागे गाजरगवतात पडलो आहे. मध्यंतरी तपासणी समिती येणार म्हणून मला बाहेरून झकास निळा रंग फासला. आत कुंचला घालायची तसदी कोणी घेतली नाही, म्हणून नाव शाबूत आहे.

मित्रांनो, मला दुरुस्त करू नका. फक्त पुढच्या वेळी नाटक संपलं की लगेच खुर्चीतून उठू नका. मोठ्याने विचारा, "विहिरीत कोण होतं?"

त्या दिवशी एकाने विचारलं होतं. त्याला तुम्ही हसलात.