बाळारामच्या पाठीवरचं ओझं

“हलू नका, काका. आता थोडा दाब जाणवेल,” डॉक्टर दिव्या म्हणाल्या.

पोटाखाली उशी घेऊन बाळाराम पालथा पडला होता. जागा आधीच बधिर केली होती. वरच्या यंत्रातून पडद्यावर त्याचे मणके दिसत होते आणि ते पाहत डॉक्टर सुई आत नेत होत्या. औषध गेलं तसा एक जड ठणका कमरेतून पोटरीपर्यंत उतरला.

“नसेची सूज उतरेल. काही दिवसांत बरं वाटेल, पण ते कायमचं नाही,” डॉक्टरांनी नंतर समजावलं. “वजन उचललंत की पुन्हा दुखेल. काय उचलता तुम्ही?”

“काय न्हाय. पोरीला उचलतो.”

“केवढी आहे?”

“तेवीस वर्षांची.”

भूमिकाचे पाय लहानपणीच लुळे पडले होते. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. शाळा, कॉलेज आणि आता जेसल पार्क भागातल्या दवाखान्यात फोन घेण्याची नोकरी. प्रत्येक वेळी बाळारामनं तिला पाठीवर घेऊन जिना उतरवला होता. चेणे गावी बापाच्या शेतात भाताचे भारे वाहिलेला माणूस. मुलीला त्यानं कधी ओझं म्हटलं नाही.

आठवडाभर भूमिकानं सुट्टी घेतली. ठणका खरोखरच थांबला. सोमवारी तो ताजातवाना उठला, तिची चाकाची खुर्ची खाली ठेवून आला आणि नेहमीसारखा तिच्यासमोर पाठ करून वाकला.

“बाबा, बाजूला हो.”

“का गं?”

“मी उतरते.”

ती जमिनीवर बसली, सरकत जिन्यापाशी गेली, दोन्ही तळहात टेकवून खालच्या पायरीवर उतरली आणि मग हातांनी पाय ओढून घेतले. आठवडाभर तो दुपारी झोपला की ती सराव करत होती, हे त्याला आता कळलं. बायकोकडे त्यानं पाहिलं. पुष्पलतानं नजर चुकवली.

दुसऱ्या मजल्यावर शेजारचे सुभाषभाई वर येताना भेटले. “अरे बाळारामभाई, बच्ची को ऐसे? उठाओ ना.”

बाळारामचे हात पुढे झाले. भूमिकाच्या कपाळावर घाम होता, पण तिनं वर पाहिलं नाही. त्यानं हात मागे घेतले.

“ती येते हाय. जरा थांबा,” तो म्हणाला.

सुभाषभाई भिंतीला टेकून उभे राहिले.

खाली पोचायला बराच वेळ लागला. शेवटच्या पायरीवरून खुर्चीत बसायला मात्र तिनं स्वतःच हात पुढे केले. दोघा नवराबायकोंनी मिळून तिला बसवलं.

“संध्याकाळी चढताना त्रास होईल,” ती धापा टाकत म्हणाली. “तू फक्त मागे राहा.”

“हाय मी.”

तिला घेऊन रिक्षा वळणाआड गेली तरी तो तिथंच उभा होता. रोज तिच्या हातांच्या विळख्यानं चुरगळणारी त्याच्या शर्टाची कॉलर आज इस्त्रीची घडी धरून ताठ होती. त्यानं ती उगाच हातानं दाबून पाहिली.